पन्नास यार्डांचा क्वार्टरबॅक

टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असा मुलगा असतो, ज्याला तिथे कोणी आउट करू शकत नाही. जाळीला लागून बॉल कुठे येणार, सिंगल कुठे चोरायची, शेवटच्या ओव्हरला कोणाच्या डोक्यावरून मारायचं, सगळं त्याला पाठ. पण हाच मुलगा सीझन बॉलच्या सिलेक्शनला गेला की मागून कोणीतरी हळूच म्हणतं, 'अरे, हा टर्फवरचा.' विषय संपला.

अमेरिकन फुटबॉलमध्ये असा शिक्का बसलेलं एक ठळक नाव म्हणजे जे ग्रुडेन. (आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही, हेल्मेट आणि खांद्यावर पॅड घालून, लांबट बॉल हातात घेऊन धडका मारत खेळतात तो.) छताखालच्या छोट्या मैदानावर क्वार्टरबॅक म्हणून त्याने चार वेळा लीग जिंकली आणि कोच म्हणून दोनदा. मोठ्या मैदानावर, म्हणजे एनएफएलमध्ये, खेळाडू म्हणून तो एकही मॅच खेळला नाही. तरी पुढे त्याच एनएफएलमधल्या एका टीमचा तो हेड कोच झाला. हे जमलं कसं आणि तिथे पोचल्यावर झालं काय, हे बघण्यासारखं आहे.

भिंतीला धडकायचं आणि खेळत राहायचं

आधी तो छोटा खेळ समजून घेऊ, कारण त्याशिवाय ग्रुडेन कळत नाही.

१९८१ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरची मॅच बघताना जिम फॉस्टर नावाच्या माणसाच्या डोक्यात आलं, की सॉकर छताखाली खेळता येतो तर आपला फुटबॉल का नाही? हातातल्या एका पाकिटावर त्याने तिथल्या तिथे मैदानाचं चित्र काढलं. १९८७ मध्ये चार टीम घेऊन 'अरीना फुटबॉल लीग' सुरू झाली.

नेहमीचं मैदान १०० यार्ड लांब आणि ५३ यार्ड रुंद असतं, एका बाजूला ११ खेळाडू. फॉस्टरचं मैदान आइस हॉकीच्या रिंकवर मावेल एवढं: लांबी ५० यार्ड, म्हणजे साधारण ४६ मीटर, रुंदी जेमतेम २८ यार्ड, आणि खेळाडू आठ. कडेला रेषा नाही, गादी लावलेली भिंत. धडक बसली की खेळाडू थेट पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांच्या मांडीवर. गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना उंच जाळ्या आणि जाळीला लागून परत आलेला बॉल जिवंत! आपल्या टर्फवाल्यांना इथे एकदम घरच्यासारखं वाटेल.

पण खरी गंमत नियमांत आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. तीन प्रयत्न वाया गेले तर मोठ्या मैदानावर चौथ्याला बॉल लाथेने लांब भिरकावून देतात, त्याला पंट म्हणतात. संकट समोरच्याच्या अंगणात ढकलायचं आणि श्वास घ्यायचा. अरीनामध्ये पंटला बंदी. त्यात भर म्हणजे इथे रिसीव्हरला, म्हणजे बॉल झेलणाऱ्याला, चाल सुरू व्हायच्या आधीच पुढच्या दिशेने पळत यायची मुभा. तो रेषेवर पोचतो तेव्हा फुल स्पीडमध्ये असतो आणि त्याला अडवणारा जागेवर उभा. त्यामुळे स्कोअर पन्नास-साठच्या घरात. सगळे गोल करतात, मग जिंकतं कोण? ज्याची एखादी पाळी फुकट जात नाही तो.

आणि या सगळ्याचा भार क्वार्टरबॅकवर. प्रत्येक चालीला बॉल आधी त्याच्या हातात येतो. समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर येत असताना दोन-तीन सेकंदांत ठरवायचं, की कोणाला फेकायचा. मोठ्या मैदानावर निदान मागे सरकायला जागा असते. इथे मागे भिंत, बाजूला भिंत. बहुतेक खेळाडू आक्रमण आणि बचाव दोन्ही खेळायचे; क्वार्टरबॅकला त्यातून सूट होती, कारण त्याचं डोकं थंड राहणं सगळ्यांच्याच फायद्याचं होतं.

ज्याला कोणी निवडलं नाही

ग्रुडेनचा जन्म ४ मार्च १९६७ चा, ओहायो राज्यातल्या टिफिन गावचा. (हो, टिफिन. मी पण दोनदा वाचलं.) वडील जिम फुटबॉल कोच, मोठा भाऊ जॉन लहानपणापासून कोचच व्हायचं म्हणणारा. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब फ्लोरिडातल्या टॅम्पाला आलं. ग्रुडेन तिथल्या हायस्कूलमध्ये क्वार्टरबॅक झाला आणि मग लुईव्हिल युनिव्हर्सिटीकडून खेळला. १९८९ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये १२ फेऱ्या होत्या, तीनशेच्या वर मुलं निवडली गेली. त्यात ग्रुडेनचं नाव नव्हतं. कॅम्पस प्लेसमेंटला शेवटची कंपनी निघून गेल्यावरचा कॉरिडॉर आठवा, साधारण तसंच.

दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, पिट्सबर्गची अरीना टीम उठून टॅम्पाच्या परिसरात आली आणि 'टॅम्पा बे स्टॉर्म' झाली. घरचा मुलगा, हात चांगला, दुसरीकडे कुठे बोलावणं नाही. ग्रुडेन त्या टीमचा क्वार्टरबॅक झाला आणि पहिल्याच सीझनला डेट्रॉइटला ४८-४२ हरवून लीग जिंकून दिली. १९९२ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुन्हा १९९३ ला विजेतेपद, १९९५ ला, १९९६ ला. सहा सीझनमध्ये चार.

१९९६ ची फायनल विशेष होती. समोर आयोवाची टीम आणि तिचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर. तोच वॉर्नर, जो त्याआधी आयोवातल्या एका सुपरमार्केटमध्ये रात्रपाळीला शेल्फवर डबे लावत होता. मॅच आयोवाच्या घरच्या मैदानावर झाली आणि ग्रुडेनच्या टीमने ४२-३८ ने जिंकली. पुढे काय झालं ते अमेरिकेत शेंबड्या पोराला माहीत आहे: वॉर्नर एनएफएलमध्ये गेला, जानेवारी २००० मध्ये सुपर बोल जिंकला, त्या मॅचचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्यावर सिनेमाही निघाला. (२०१२ मध्ये 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' सुरू झाली आणि पहिलाच सीझन 'पुणे मराठाज' टीमने जिंकला, हे किती जणांना माहीत आहे? मॅच झाल्या कोलंबोत. त्या लीगच्या पाठीराख्यांच्या यादीत हाच वॉर्नर होता.)

म्हणजे फायनल हरलेल्याला एनएफएल मिळाली, जिंकलेल्याला नाही. अन्याय? मला तसं म्हणवत नाही. वॉर्नर तेव्हा २५ वर्षांचा होता, ग्रुडेन २९ चा. वॉर्नरच्या हातात मोठ्या मैदानाला पुरेल असा लांबचा थ्रो होता आणि त्याला योग्य वेळी एक फोन आला. शंभरातल्या एकाची गोष्ट सांगायला भारी वाटते, पण उरलेले नव्याण्णव तिशीला काय करतात, हा प्रश्न आपल्या जास्त जवळचा आहे.

ग्रुडेनने १९९७ मध्ये हातातला बॉल खाली ठेवला आणि नॅशव्हिलच्या अरीना टीमचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाच्या चाली आखणारा कोच झाला.

आपल्याच टीमला, आपल्याच गावात

वर्षभरात, ३१ व्या वर्षी, तो हेड कोच झाला. तेही कोणाचा? ओरलँडो प्रीडेटर्सचा. टॅम्पा आणि ओरलँडो ही शहरं इंटरस्टेट ४ या हायवेने जोडलेली आहेत आणि दोन टीममधल्या वैराला नावच होतं 'वॉर ऑन आय-फोर'. १९९५ ची फायनल ग्रुडेनने जिंकली होती ती याच ओरलँडोला हरवून. थोडक्यात, सहा वर्षं ज्यांना धुतलं त्यांच्याच ड्रेसिंग रूममध्ये जाऊन 'आता माझं ऐका' म्हणायचं.

त्यांनी ऐकलं. १९९८ च्या ऑगस्टमध्ये फायनल झाली टॅम्पात. समोर स्टॉर्म. त्यांचा कोच टिम मार्कम, ज्याच्या हाताखाली ग्रुडेनने शेवटची दोन विजेतेपदं मिळवली होती. स्कोअर: ओरलँडो ६२, टॅम्पा ३१. बरोब्बर दुप्पट!

१९९९ ला पुन्हा फायनल, पण अल्बनीकडून ५९-४८ ने हार. २००० ला परत फायनल आणि नॅशव्हिलवर ४१-३८ ने विजय. हो, तेच नॅशव्हिल, जिथे तो कोचिंग शिकला होता. या माणसाने आपल्या सगळ्या जुन्या मालकांचा हिशेब चुकता केलेला दिसतो.

एक गोष्ट इथे थांबून सांगायला हवी. चांगला खेळाडू चांगला कोच होतोच असं नाही, उलट बऱ्याचदा होत नाही. ज्याला हाताने आपोआप जमतं, त्याला ते शब्दांत सांगता येत नाही. पण अरीनाचा क्वार्टरबॅक मुळात अर्धा कोच असतो, असं मला हे सगळं वाचताना वाटत राहिलं. मैदान इतकं छोटं की ताकदीने काही होत नाही. कोण कुठे कधी पोचणार याचं गणित डोक्यात आधीच मांडून ठेवावं लागतं. चाल फसली तर पंट मारून सुटता येत नाही, दुसरी चाल तयारच हवी. ग्रुडेनचं हे एकट्याचंच नाही. क्लिंट डोलेझल हा या लीगमध्ये ९०० च्या वर टचडाउन पास फेकलेला क्वार्टरबॅक. तोही एनएफएलमध्ये नाव करू शकला नाही आणि नंतर कोच म्हणून फिलाडेल्फियाच्या टीमला २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं देऊन गेला.

भावाचं दार

आता जरा अवघड भाग. २००२ मध्ये मोठा भाऊ जॉन ग्रुडेन एनएफएलच्या टॅम्पा बे बकनिअर्सचा हेड कोच झाला आणि त्याने धाकट्याला आपल्या स्टाफमध्ये असिस्टंट म्हणून घेतलं. जानेवारी २००३ मध्ये बकनिअर्सनी ऑकलंड रेडर्सना ४८-२१ हरवून सुपर बोल जिंकला. विजेत्या टीमच्या स्टाफमध्ये धाकटाही होता.

घराणेशाही? सरळ आहे, हो. अमेरिकन फुटबॉलच्या कोचिंगमध्ये बापामागून मुलगा आणि भावामागून भाऊ हे इतकं चालतं, की आपल्या राजकारण्यांनाही संकोच वाटावा. अरीनात सहा विजेतेपदं असलेल्या दुसऱ्या कुणाला, ज्याचं आडनाव ग्रुडेन नाही, तो असिस्टंटचा जॉब मिळाला असता का? मला शंका आहे. पण दार उघडल्यावर त्याने जे केलं ते कोणी लाडावलेला धाकटा करणार नाही. त्याच २००२ मध्ये, ३५ व्या वर्षी, तो ओरलँडोकडून पुन्हा क्वार्टरबॅक म्हणून मैदानात उतरला. चार वर्षं ज्या टीमचा हेड कोच होता, तिथेच परत खेळाडू! एनएफएलचा सीझन सप्टेंबर ते जानेवारी, अरीनाचा त्यानंतर. एका कॅलेंडरमध्ये तो असिस्टंट, दुसऱ्यात अंगावर धडका घेणारा खेळाडू.

२००३ च्या जूनमध्ये ओरलँडोचा कोच फ्रॅन पापासेडेरो अपघातात गेला. २००४ पासून ग्रुडेनने तिथलं हेड कोचपद पुन्हा घेतलं आणि टॅम्पातलं कामही चालू ठेवलं. २००६ ला फायनल गाठली, शिकागोकडून ६९-६१ ने हरला. अशी पाच वर्षं दोन नोकऱ्या.

आणि मग साधारण महिन्याभरात दोन्ही गेल्या. डिसेंबर २००८ मध्ये आर्थिक अडचणींमुळे अरीना लीगने २००९ चा सीझनच रद्द केला. जानेवारी २००९ मध्ये बकनिअर्सनी जॉनला काढलं आणि नव्या व्यवस्थेत धाकट्यालाही जागा राहिली नाही. वय ४१. एकाच बाजूला दोन टोपल्यांत अंडी ठेवली होती आणि दोन्ही टोपल्या पडल्या.

पुढचा स्टॉप होता 'युनायटेड फुटबॉल लीग', चार टीमची नवी लीग, जी काही वर्षांतच बंदही पडली. त्यातल्या फ्लोरिडा टस्कर्सचा तो २००९ ला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता, २०१० ला हेड कोच. दोन्ही वर्षी फायनल, दोन्ही वर्षी लास व्हेगसकडून हार. ही नोकरी रेझ्युमेवर फार चमकणारी नव्हती. पण त्या स्टाफमध्ये २००९ मध्ये विशीतला एक मुलगा होता, शॉन मॅकवे. हे नाव लक्षात ठेवा.

अखेर मोठं मैदान

२०११ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सने ग्रुडेनला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर केलं. आता जॉन तिथे नव्हता. त्या वर्षी मालक आणि खेळाडूंच्या भांडणामुळे जुलैपर्यंत टाळेबंदी होती, म्हणजे सीझनआधीची शिकवणी जवळपास नाहीच. क्वार्टरबॅक अँडी डाल्टन कोरा करकरीत. तरी टीम प्लेऑफमध्ये पोचली. २०१२ लाही पोचली, २०१३ लाही. (तिन्ही वेळा पहिल्याच मॅचला बाहेर, हेही सांगायला हवं.)

जानेवारी २०१४. वॉशिंग्टनच्या टीमने त्याला हेड कोच केलं. ड्राफ्टमध्ये वगळला गेल्यानंतर २५ वर्षांनी.

इथे हिंदी सिनेमा असता तर शेवटी ट्रॉफी आली असती. आला तो असा हिशेब: २०१४ ला ४ विजय, १२ पराभव. २०१५ ला मात्र एक धाडसी निर्णय. टीमचा स्टार क्वार्टरबॅक होता रॉबर्ट ग्रिफिन, २०१२ च्या ड्राफ्टमधला दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू, ज्याच्यासाठी टीमने पुढच्या निवडीही गहाण टाकल्या होत्या. ग्रुडेनने त्याला बसवून कर्क कझिन्सला खेळवलं, जो त्याच ड्राफ्टमध्ये १०२ व्या क्रमांकाला उचलला होता. ऑक्टोबरमध्ये टॅम्पाविरुद्ध (परत टॅम्पा!) टीम ०-२४ ने मागे होती. कझिन्सने ती मॅच ३१-३० ने काढून दिली. सीझनअखेर ९-७ आणि डिव्हिजनमध्ये पहिला नंबर. ज्याला स्वतःला कोणी निवडलं नव्हतं, त्याने मागच्या बाकावरच्या मुलावर पैज लावली होती.

२०१६ ला वॉशिंग्टनचं आक्रमण यार्डांच्या हिशेबात लीगमध्ये तिसरं होतं, पण गुणांच्या यादीत तेवढं वर नव्हतं. गोलजवळ पोचायचे आणि अडायचे. ज्याचं अख्खं मैदानच गोलजवळचं होतं, त्याच्या टीमला नेमकं तिथेच अडावं, हे मला अजून नीट पचलेलं नाही. शेवटची मॅच घरच्या मैदानावर हरून प्लेऑफ हुकला. मग कझिन्स टीम सोडून गेला. २०१८ ला नवा क्वार्टरबॅक अॅलेक्स स्मिथ आला, टीम ६-३ ने पुढे होती आणि नोव्हेंबरमध्ये त्याचा पाय मोडला. दोन आठवड्यांत त्याच्या जागी आलेल्या कोल्ट मकॉयचाही पाय मोडला. शेवट ७-९.

२०१९ ची सुरुवात सलग पाच पराभवांनी झाली. पाचवा न्यू इंग्लंडकडून ३३-७ असा होता. दुसऱ्या दिवशी, ७ ऑक्टोबरला, पहाटेच बोलावून ग्रुडेनला काढलं गेलं. एकूण ३५ विजय, ४९ पराभव, १ बरोबरी. आकडे थोर नाहीत. पण कोच बदलण्याबद्दल कुप्रसिद्ध असलेल्या डॅन स्नायडर या मालकाच्या हाताखाली त्याच्याइतका काळ दुसरा कोणताच कोच टिकला नाही. २०२० ला तो जॅक्सनव्हिलमध्ये ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता. त्या टीमने १६ पैकी १५ मॅच हरल्या.

'शेवटी तो टर्फवरचाच' असं म्हणणाऱ्यांना हे आकडे सोयीचे आहेत. त्यांना मी फक्त मॅकवेकडे बघायला सांगेन. टस्करमधला हा मुलगा नंतर वॉशिंग्टनला गेला होता. ग्रुडेन तिथे आल्यावर त्याने मॅकवेला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर केलं. २०१७ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने मॅकवेला हेड कोच नेमलं तेव्हा तो ३० वर्षांचा होता, आधुनिक एनएफएलमधला सर्वांत तरुण. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याने सुपर बोल जिंकला. वॉशिंग्टनमध्ये ग्रुडेनच्या स्टाफवर असलेला केव्हिन ओकॉनेलही त्याच वर्षी मिनेसोटाचा हेड कोच झाला.

तोपर्यंत ग्रुडेनची पहिली शाळा बंद झाली होती. टॅम्पा बे स्टॉर्मने २०१७ च्या डिसेंबरमध्ये गाशा गुंडाळला, लीग २०१९ मध्ये बंद पडली. सुपर बोलनंतरच्या सीझनला, २०२२ मध्ये, रॅम्सने एक सल्लागार घेतला. मॅकवेच्या हाताखाली, आक्रमणाच्या चाली तपासायला. ५५ वर्षांचा जे ग्रुडेन.